चिनाबच्या दरीत खालून टेकू न देता कमान उभी केली कशी?

अशोक चौकातली ताई

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही गल्लीतल्या बायका वैष्णोदेवीला जाऊन आलो. दौंडला झेलम पकडली, दर्शन झालं, आणि एवढं आलोच आहोत तर म्हणून कटऱ्याहून श्रीनगरची वंदे भारत केली. सगळ्यांचा जीव त्या चिनाबच्या पुलात अडकलेला. कटरा सुटल्यावर बोगदा, परत बोगदा, मध्येच एक केबलवाला पूल, रियासी, परत बोगदा, आणि मग एकदम डोळे दिपवणारा उजेड. "आला आला" म्हणून पर्समधून मोबाइल काढेपर्यंत गाडी पलीकडच्या डोंगरात. ग्रुपवर त्या पुलाचे जे फोटो आलेत त्यांत खिडकीची काच आणि एकीचा अंगठा, बाकी काही नाही.

घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. यूट्यूबवर पूल बाजूने पाहिला आणि चक्रावलेच. रूळ नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर वर, आणि त्याखाली ती अवाढव्य लोखंडी कमान. आमच्या घराचा स्लॅब टाकला तेव्हा सेंटरिंगवाल्याने खाली बल्ल्यांचं रान उभं केलं होतं आणि स्लॅब पक्का होईपर्यंत एकीला हात लावू दिला नव्हता. दहा फुटांवरच्या स्लॅबला एवढं, तर तिथं खाली नदी वाहत असताना बल्ल्या लावल्या कुठे? कमान अर्धी झाली होती तेव्हा ती खाली का नाही आली?

भाचा सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. त्याला विचारलं तर "कॅन्टिलिव्हर मेथड गं मावशी" म्हणून मोकळा. पुढचं विचारलं की हेडफोन लावतो.

आणखी एक. एवढ्या उठाठेवीपेक्षा खांबांचा साधा पूल का नाही बांधला? आणि २००४ ला सुरू झालेलं काम २०२५ पर्यंत का चाललं? इथं रेल्वेतली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. सोप्या भाषेत सांगा, मी बारावी आर्ट्स.

बाळीवेसचा बाळू

ताई, १३१५ मीटरचा पूल आणि ताशी १०० ची परवानगी. पुऱ्या वेगात गेली तर ४७ सेकंद. आपली पॅसेंजर आउटरला उभी राहते तेवढ्यात वंदे भारतच्या दहा-बारा फेऱ्या होतील.

बाकीचं गर्डर काका सांगतील. काका, या की ओ.

जुना गर्डर

आलो. भाच्याचं उत्तर चूक नाही, अपुरं आहे. त्याला हेडफोन काढायला सांगा, कारण तोंडी परीक्षेला ह्याच्या पुढचंच विचारतात.

आधी मी कुठल्या बाजूने बोलतोय ते सांगतो. रेल्वेच्या ब्रिज खात्यात खलाशी म्हणून, म्हणजे हाताखालचा कामगार म्हणून लागलो, पुलांचा इन्स्पेक्टर होऊन सुटलो. भीमेच्या आणि सीनेच्या गर्डरांना, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळयांना, लोंबकळून रिव्हेट वाजवण्यात जन्म गेला. रिव्हेटला एका बाजूने बोट लावायचं, दुसऱ्या बाजूने हातोडीचा टोला द्यायचा. ढिला असला की बोटाला कळतं. चिनाबवर मी नव्हतो. माझ्या बरोबरीचा एक जण कोकण रेल्वेत गेला आणि ह्या जम्मूच्या कामावर बरीच वर्षं राहिला. आमच्या दोघांच्या फोनवर तब्येतीच्या चौकशीनंतर हाच विषय. शिवाय छापून आलेलं जे हाती लागलं ते वाचून काढलेलं आहे.

आता कमान. पुस्तकात पटकन कळत नाही ती गोष्ट ही, की पुरी होईपर्यंत कमान ही कमान नसतेच. पुरी झालेली कमान वरचं ओझं दोन्ही बुडांतून डोंगरात ढकलते, तिच्या अंगात जवळजवळ सगळा दाबच असतो. अर्धी असताना ती नुसती दरीत पुढं आलेली जीभ, भाच्याचं कॅन्टिलिव्हर ते हेच. समोरून रेटा द्यायला कोणी नाही, आणि वजन खाली खेचतंय. अशा वेळी तिला मागं ओढून धरावं लागतं. चिनाबवर तेच केलं. दोन्ही काठांवरून एकाच वेळी तुकडे जोडत निघाले आणि पुढं गेलेला भाग पोलादी केबलनी मागच्या बाजूला बांधून धरला. तुमच्या सेंटरिंगवाल्याने खालून उचलून धरलं, ह्यांनी मागून ओढून धरलं. म्हणून नदीत एकही बल्ली नाही.

ह्यातली खोच अशी की तेच लोखंड बांधताना एका तऱ्हेचा भार सोसतं आणि गाडी धावताना दुसऱ्याच तऱ्हेचा. हिशेब दोन्हींचा करावा लागतो. कधी कधी बांधतानाचा हिशेबच जड जातो. गिरण्यांच्या शेडपासून रेल्वेच्या पुलापर्यंत मी जेवढं लोखंड पडलेलं पाहिलंय, त्यातलं बरंच उभं करताना पडलेलं.

तुकडे दरीच्या मध्यावर नेले कसे? दोन्ही काठांवर मनोरे उभे करून त्यांच्यामध्ये केबल क्रेन टाकला. मनोऱ्यामनोऱ्यातलं अंतर ९१५ मीटर. श्रीनगरच्या बाजूचा मनोरा १२७ मीटर उंच, म्हणजे ७२ मीटरच्या कुतुबमिनारालाही खाली बघायला लावेल असा. आणि हा मनोरा पुलाचा भागच नाही, पूल बांधायचं अवजार! काठावर तुकडा उचलायचा, केबलवरून दरीत न्यायचा, जागेवर धरायचा, बोल्ट आवळायचे. भारतीय रेल्वेत कमान अशी केबल क्रेनने उभी करण्याची ही पहिलीच खेप.

पुलाला एकूण २८,६६० टन पोलाद लागलं. त्यातलं दहा हजार सहाशे टनांवर एकट्या कमानीचं. इतके मोठे तयार तुकडे डोंगरातल्या वळणांवरून ट्रेलरने येतच नाहीत. म्हणून प्लेटा आणायच्या आणि कापणं, जोडणं, वेल्डिंग सगळं दरीच्या काठावर वर्कशॉप टाकून करायचं. वेल्डिंगची एकूण लांबी सुमारे ५८४ किलोमीटर. सोलापूर स्टेशनातून वेल्डिंग करत निघालात तर ४५५ किलोमीटरवर सीएसएमटी. तिथून उलटं फिरून घाट चढून लोणावळ्यापर्यंत आलात की संपेल. त्या वेल्डची तपासणीही तिथंच प्रयोगशाळा थाटून केली. फेज्ड अ‍ॅरे अल्ट्रासॉनिक म्हणजे आवाजाच्या लहरी धातूत सोडायच्या आणि आत कुठं पोकळी राहिलीय का ते पडद्यावर बघायचं. आमच्या बोट-हातोडीची ही नातवंडं.

कमानीची पेटी आतून पोकळ ठेवलेली नाही, तिच्यात काँक्रीट भरलंय. नुसतं पोलाद वाऱ्याने थरथरतं. पोटात वजन असलं की थरथर कमी होते. कमान सलग भिंतीसारखी न करता जाळीदार केली, म्हणजे वाऱ्याला आरपार जायला वाट मिळते. ताशी २६६ किलोमीटरच्या वाऱ्याचा हिशेब धरलाय. त्या खोऱ्यात वारा नदीच्या वाटेने येतो आणि पूल बरोबर त्याच्या तोंडात आहे.

एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही जिभा समोरासमोर आल्या आणि मधला ५.६ मीटरचा शेवटचा तुकडा बसवला. इथं त्रास उन्हाचा. पोलाद तापलं की वाढतं. ४६७ मीटरच्या गाळ्यावर १० अंशांचा फरक पडला तर साडेपाच सेंटिमीटरचा हिशेब येतो. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेच्या दुपारी आमचे गँगमन रूळ वाकडा झालाय का बघत चालतात ते ह्याच कारणाने. बोल्टची भोकं जुळायला हवीत मिलिमीटरमध्ये, आणि लोखंड सकाळी एका मापाचं तर दुपारी दुसऱ्या. तो तुकडा बसला, मग मागं धरून ठेवणाऱ्या केबल सोडवल्या, आणि दोन्ही अर्धी अंगं एकमेकांना रेटून उभी राहिली. माझ्या लेखी पूल तेव्हा झाला. वरचा डेक, म्हणजे रूळ ज्यावर बसतो तो भाग, ऑगस्ट २०२२ मध्ये जुळला आणि ६ जून २०२५ ला पंतप्रधानांनी झेंडा दाखवला, ते पुढचं.

आता खांबांचं. साडेतीनशे मीटरचा खांब नदीच्या पात्रातून वर आणायचा म्हटलं तर त्याचं बूड केवढं होईल, भूकंपात तो किती डोलेल, आणि तो बांधायला खाली उतरणार कुठून? दरी अशी इंग्रजी व्ही-सारखी अरुंद असली की कमान आपोआप सुचते. पात्रात काही नको, दोन्ही उतारांवर बुडं टेकली की झालं.

'झालं' म्हटलं खरं, पण ह्या पुलाची निम्मी कहाणी त्या दोन बुडांखाली आहे आणि तिचा कोणी व्हिडिओ काढत नाही. कमान डोंगराला रेटते, तर डोंगर तो रेटा घेणारा पाहिजे. तिथला खडक डोलोमाइट. खडक म्हणून वाईट नाही, पण भेगांनी भरलेला, थर तिरपे, आणि उतार इतका उभा की पाया खोदायला घेतला की वरचा भाग सुटायला बघतो. आपल्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. आधी उतार कापून पायऱ्या केल्या, मग लांबच लांब पोलादी गज भोकं पाडून खडकात घुसवले, भेगांत दाबाने सिमेंट भरलं, आणि मग पाया. बंगळूरच्या आयआयएससीच्या प्राध्यापिका जी. माधवी लता ह्या कामाला सतरा वर्षं सल्ला देत होत्या. त्यांची पद्धत अशी, की कागदावर एकदा ठरवून मोकळं व्हायचं नाही. खोदल्यावर खडक जसा निघेल तशी रचना तिथल्या तिथं बदलायची. ऑफिसात बसणाऱ्याला हे आवडत नाही. बिलं बदलतात, नकाशे बदलतात, तारीख पुढं जाते. पण खडक आपल्या नकाशाप्रमाणे थोडाच वागतो?

उशिराचं एक कारण हेच. दुसरं, तिथं पोचायला रस्ताच नव्हता. सुरुवातीला माणसं घोड्या-खेचरांवरून गेली. ह्या एका पुलापायी २६ किलोमीटर मोटारीचे रस्ते करावे लागले, दहा लाख घनमीटर माती-दगड हलवला. तिसरं, २००८ मध्ये काम थांबलं. रेल्वेमार्गाची आखणीच बदलावी का, ह्यावर तज्ज्ञांत वाद लागला. २०१० मध्ये परत सुरू झालं. एकवीस वर्षांतली सगळी कमानीत गेली नाहीत.

लांबलं. चहा गार झाला.

बाळीवेसचा बाळू

काका, एक नंबर. पण हा पूल परदेशी कंपन्यांनी बांधला असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. खरं किती?

आणि १४८६ कोटी एका पुलाला! आमची सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ८४ किलोमीटरची गाडी बघायला देवीलाच नवस बोलावा लागणार.

जुना गर्डर

बाळू, खिचडी आहे, आणि असल्या कामाला खिचडीच लागते. काम करून घेणारी कोकण रेल्वे. ठेका अ‍ॅफकॉन्सचा, जोडीला दक्षिण कोरियाची अल्ट्रा आणि व्हीएसएल इंडिया. पुलाची मुख्य रचना फिनलंडच्या डब्ल्यूएसपीची, कमानीचं गणित जर्मनीच्या लिओनहार्ट आंद्रे कंपनीचं, पायाचा सल्ला आयआयएससीचा, स्फोटाचा भार डीआरडीओच्या सल्ल्याने. म्हणजे आपल्याकडच्या पुलात स्फोटाचा भार धरून रचना करण्याची ही पहिली वेळ. वेल्डर, रिगर, उंचीवर बोल्ट आवळणारी पोरं मात्र इथलीच. रिगर म्हणजे अवजड माल दोरखंड-साखळीने उचलून जागेवर बसवणारा. पेपरात त्याचं नाव कधी येत नाही, पण माल त्याच्या खुणेवरच हलतो.

कोकण रेल्वेच का, हेही बघ. त्यांनी रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल नव्वदच्या दशकात बांधला. तिथंही दरीत फळ्या-टेकू उभे करणं परवडणारं नव्हतं. त्यांनी काय केलं, तर एका काठावर काँक्रीटचा डेक थोडा थोडा ओतायचा आणि जॅक लावून खांबांवरून पुढं ढकलत न्यायचा. चिनाबच्या कमानीला हे लागू नाही, पण कमानीला मिळणारा काठावरचा भाग असाच ढकलला. तोही वळणावर! सरळ गर्डर ढकलताना आमची तारांबळ व्हायची. ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मिळालेला वेळ, तीन तासांचा, आणि तो एक इंच तिरपा गेला की सगळे देव आठवायचे. वळणाचा गर्डर ढकलणाऱ्यांना माझा दंडवत.

तुळजापूरचं मला विचारू नको. मी पेन्शनर.

चौपाडकर

ह्या धाग्यावर आपल्या घाटाचं नाव यायलाच हवं. सोलापूरच्या रेल्वेचा आणि दरीवरच्या पुलांचा संबंध फार जुना आहे आणि जरा उलटा आहे. गाडी सोलापूरला १८६० मध्ये आली, पण मुंबईहून अखंड रूळ तेव्हा नव्हताच. पुणे ते खंडाळा १८५८ मध्ये सुरू झालं, पुण्याहून इकडं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, आणि मोहोळ करत रूळ सोलापुरात पोचला. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत अपुरा. म्हणजे जवळपास तीन वर्षं सोलापूरचा माल आगीनगाडीने खंडाळ्यापर्यंत जायचा, तिथं उतरायचा, घाटरस्त्याने खोपोलीला, आणि खोपोलीहून परत गाडीत. माणसांचंही तेच, कोणी पालखीत, कोणी तट्टावर, बाकीचे पायी.

घाट बांधायला १८५६ मध्ये घेतला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरवर चढ, २५ बोगदे, आठ मोठे दगडी पूल, आणि चढ ३७ फुटांना एक फूट. एका ठिकाणी वळायला जागाच नाही म्हणून गाडी डोंगराच्या टोकाशी न्यायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट दिशेने चढायचं. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत होतं. १८६१ मध्ये कामावर ४० हजारांवर माणसं होती. पटकीने आणि तापाने त्यातली किती गेली ह्याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही. हजारोंनी, एवढं नक्की. बर्कली स्वतः १८६२ मध्ये वारला, घाट सुरू झालेला त्याने पाहिला नाही.

ठेकेदाराची कथा तर वेगळीच. पहिल्याने काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, आपल्याकडं ठेवला आणि दोन इंजिनिअर नेमून काम पुरं करवून घेतलं. १८५९ मध्ये, परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला! बर्कलीच्या नावाच्या मानाने हिचं नाव फार कमी घेतलं जातं, हे मला खटकतं.

आणि गर्डर काकांच्या बुडाच्या मुद्द्याला उलटं उदाहरण. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला म्हाऊ-की-मल्लीचा पूल कोसळला. बांधून चार-पाच वर्षं झालेली. खालचा डोंगर तिथंच आहे, आजही आहे. गेलं ते चिरेबंदी काम. दर्जावर बोट ठेवलं गेलं आणि तिथं नव्याने पूल बांधावा लागला.

घाट सुरू झाला तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. सोलापूरची पहिली मोठी कापडगिरणी, आपली जुनी मिल, १८७७ ची. ह्या दोन गोष्टींमध्ये तो घाट आहे असं मी धरून चालतो.

अशोक चौकातली ताई

बाई गं! मी एक प्रश्न विचारला आणि पोटभर जेवण मिळालं. त्या अ‍ॅलिसबाईंचं वाचून आमच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा.

काका, दोन शंका उरल्या. एक, तो भाग भूकंपाचा आणि बाकीच्याही भीतीचा. पुलाचा एखादा खांबच गेला तर? दुसरी, कटऱ्याहून निघाल्यावर चिनाबच्या आधी जो केबलवाला पूल लागला, तोही तसल्याच दरीवर. मग तिथं कमान का नाही आणि इथं केबल का नाही? भाचा आता हेडफोन काढून शेजारीच बसलाय.

जुना गर्डर

भाच्याला शाबासकी द्या.

पहिली शंका. भूकंपाचा भाग म्हणजे झोन पाच, रचना झाली तेव्हा आपल्या देशातला सगळ्यात वरचा, तोच धरून रचना केलीय. आणि कमानीवर डेकला धरणारे जे उभे पोलादी आधार आहेत, त्यातला एखादा निकामी झाला तरी पूल उभा राहावा आणि ताशी ३० ने गाडी काढता यावी, असा हिशेब आहे. आमच्या काळी पूर ओसरल्यावर पुलावर कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू न्यायचा हुकूम, लावून गाडी रांगत न्यायचो, ती दुरुस्ती होईपर्यंतची सोय असायची. इथं ती सोय नकाशातच घालून ठेवलीय. वाऱ्याचंही तसंच, ताशी ९० किलोमीटरच्या वर वारा गेला की गाडी पुलावर सोडायचीच नाही. अंगभर सेन्सर आहेत, वारा, तापमान, हादरे सगळं मोजलं जातं. तरीपण कुणीतरी माणूस टॉर्च घेऊन शिडीने उतरून बोल्ट बघणारच, हे मी लिहून देतो.

दुसरी शंका मला जास्त आवडली. तो अंजी खडचा पूल. रूळ पात्रापासून ३३१ मीटर वर, पूल सव्वासातशे मीटर लांब, भारतीय रेल्वेचा पहिला केबल-स्टेड. आणि ताई, तिथंही आधी कमानच ठरली होती! पुढं खडकाची पाहणी जसजशी खोल गेली तसं दिसलं की तिथला डोंगर चिनाबच्या डोंगरापेक्षाही चुरलेला, भेगाळलेला. कमानीची दोन्ही बुडं दोन्ही उतारांना रेटणार, आणि एका जरी उताराने दगा दिला तरी संपलं. म्हणून कमान रद्द करून एकच मनोरा घेतला, पायापासून १९३ मीटर उंच, आणि ९६ केबलनी डेक त्याला टांगला. कमानीला दोन चांगले डोंगर लागतात, ह्याला मुख्य भार घ्यायला एक चांगली जागा पुरते. ती जागासुद्धा त्यांनी बऱ्याच शोधाने काढली म्हणे.

चिनाबवर केबल का नाही, तर तिथं दोन्ही बुडांना, भरपूर इलाज करून का होईना, रेटा घेईल असा खडक मिळाला. आणि रेल्वेला मुळात ताठ पूल आवडतो. टांगलेला डेक मालगाडीच्या वजनाखाली जास्त हलतो. मोटारीला त्याचं काही नाही, रुळाला आहे. अंजीवर तो हिशेब करून जमवलाय, पण डोंगर साथ देत असेल तर मी कमानच घेईन.

ताईचा भाचा

काका नमस्कार. मावशीच्या मोबाइलवरून लिहितोय. अंजीच्या ९६ केबल सारख्या लांबीच्या का नाहीत? आणि बोल्ट आवळल्यावर पुरेसा आवळला गेला हे कसं कळतं? आमच्या पुस्तकात टॉर्कचं, म्हणजे पान्याने दिलेल्या पिळाचं, सूत्र आहे फक्त.

जुना गर्डर

केबल मनोऱ्यापासून जेवढी लांब जाऊन डेकला धरते तेवढी लांब लागणार. आखूड ८२ मीटरची, लांब २९५ मीटरची. मनोऱ्याजवळची उभी, म्हणून ओझं उचलायला सोपी. टोकाकडची आडवी पडत जाते, तिला त्याच ओझ्यासाठी जास्त ताण लागतो. एक त्रिकोण काढ, बल दोन दिशांना फोड, तुलाच दिसेल. सूत्र पाठ करायची गरज नाही.

बोल्टचं सूत्र बरोबर आहे, पण त्यात घर्षणाचा आकडा असतो आणि तो आकडा आटे गंजले, धूळ बसली, वंगण जास्त झालं की बदलतो. पाना म्हणतो आवळला, बोल्टमध्ये ताण आलेलाच नसतो. म्हणून आम्ही एक खास वॉशर घालायचो. त्याच्यावर बारीक उंचवटे असतात. बोल्टला पुरेसा ताण आला की ते दबतात. मग फटीत पातळ पट्टी, फीलर गेज, घालून बघायची. पट्टी आत शिरली तर अजून आवळायचा, अडली तर बस. एकदा आवळून सोडलेला बोल्ट परत वापरायचा नाही, फेकून द्यायचा. स्टोअरवाला कितीही बोंबलला तरी.

पुढच्या रविवारी सकाळी मावशीला घेऊन घरी ये. माझ्याकडं जुने रिव्हेट, ते वॉशर आणि गेज अजून आहेत. हातात घेतल्याशिवाय हे कळत नाही.